मागून मागून रोलर

आमचा सत्कार झाला नसता तर आम्ही राज्यात नाव काढलं असतं, असं मी म्हटलं की लोक हसतात. बारामतीच्या कॉलेजात मैत्रिणी हसतात, गावात पारावर बसणारे हसतात. माझे वडील तर म्हणतात, "सत्कारानं कधी कुणाचं वाईट झालंय व्हय?" झालंय. आमचं झालंय. हार घालून, फेटे बांधून, ताशा लावून आमचं वाटोळं केलं, आणि ज्यांनी केलं त्यांना आजही वाटतं की आपण पोरींचं केवढं कौतुक केलं.

मी सुकन्या. दहावीपर्यंत आमच्या हायस्कूलच्या फुटबॉल टीमची गोलकीपर होते. आमचं गाव निरवांगीजवळ, फाट्यावरून आत. आमच्याकडं फुटबॉल टीव्हीत दिसतो तेवढाच लोकांना माहीत. मुलांनी क्रिकेट खेळायचं, थोडी अंगापिंडानं बरी असली तर कुस्तीला जायचं, आणि मुलींनी पंधरा ऑगस्टच्या आधी आठ दिवस लेझीम करायचं. आमच्या गावातली क्रीडा परंपरा म्हणतात ती एवढीच.

फुटबॉल आणला इंद्रजित सरांनी. कोल्हापूरचा माणूस. तिकडं म्हणे पेठापेठांत फुटबॉलवरून अबोले धरतात. असा माणूस नोकरी लागून आमच्या गावात येऊन पडला. त्यानं आधी मुलांना विचारलं. मुलं म्हणाली, क्रिकेटच्या टुर्नामेंटला बक्षिसात बोकड असतो, फुटबॉलला काय असतं? सर दुसऱ्या दिवशी आठवीच्या वर्गात येऊन मुलींना म्हणाले, "बक्षीस काही नाही. गुडघे फुटतील. कोण येणार?" सगळ्यात आधी मोना उठली. तिच्याकडं बघून मी उठले. मला काही खेळाबिळाचं वेड नव्हतं, मोना जिथं जाईल तिथं मी जायची, एवढंच.

शाळेमागं गायरान होतं. मोनाचा आजा मेंढरं घेऊन कोकणात उतरायचा, त्या काळात परतीच्या वाटेवर कळप तिथं बसायचा, असं ती सांगायची. आमच्या वेळेपर्यंत तिथं नुसती वेडी बाभूळ माजली होती आणि अधूनमधून लोक डबा घेऊन जायचे. ते गायरान आम्ही साफ केलं. आम्ही म्हणजे मुलींनी. बाभळी तोडायला सरांनी दोन माणसं लावली, पण काटे वेचले आम्ही, दगड उचलले आम्ही, आणि लोक जे करून ठेवायचे त्यावर माती आम्ही ओढली. माझ्या तळहातात काटा मोडून पू झाला होता. निमगाव केतकीच्या वेल्डिंगवाल्यानं बोअरच्या जुन्या पायपांचे गोलपोस्ट करून दिले. पहिल्यांदा फक्की मारून रेषा आखल्या तेव्हा त्या पांढऱ्या रेषांच्या आत पाय टाकायला आम्हांला संकोच वाटत होता.

सरांचा एक हट्ट होता. मैदान पुरं मापाचं पाहिजे. आम्ही म्हणायचो, सर, निम्म्यातच खेळू, निम्मं साफ करायचा ताप वाचेल. सर म्हणायचे, "छोट्या जागेत खेळलं की नजर पायातच राहते. लांब बघायची सवय लागली पाहिजे." म्हणून आम्ही पुरं साफ केलं.

मुलांना कुठंही खेळता येतं हो. रानात खेळतात, रस्त्यावर खेळतात, मंदिरापुढं खेळतात, कुणी विचारत नाही. आम्हांला घरून परवानगी मिळाली ती शाळेच्या मैदानावर, सरांच्या समोर आणि दिवस मावळायच्या आत घरी, या अटींवर. हाफ पँट घालून पळायला आम्हांला सगळ्या पंचक्रोशीत ती एकच जागा होती. म्हणून ते मैदान आम्हांला नुसतं मैदान नव्हतं. हे मी तेव्हा कुणाला सांगू शकले नाही, आज सांगते.

मोनाचं काय सांगू. चेंडू तिच्या पायामागं कुत्र्याच्या पिल्लासारखा यायचा. पण तिची खरी करामत पायात नव्हती, डोळ्यात होती. चेंडू पायाशी असताना ती मान वर करायची आणि सगळं मैदान बघून घ्यायची. कोण कुठं मोकळं आहे, कुणाचा कुठं तोल गेलाय. तिच्या बापाचं नाव भिमा. तो साखर कारखान्याच्या ऊस वाहतुकीवर ट्रॅक्टर चालवायचा. मितभाषी माणूस. पोरगी खेळते याचं त्याला ना कौतुक ना राग. दहावीच्या वर्षी सर त्याच्या घरी गेले आणि त्यांनी त्याला समजावलं, की राज्याच्या स्पर्धेत निवड समितीची माणसं बसलेली असतात, चांगल्या मुली निवडून पुण्याच्या क्रीडा वसतिगृहात घेतात. राहणं, खाणं, शिक्षण, खेळ, सगळं तिथं.

भिमामामा तंबाखू मळता मळता म्हणाले, "नाव आलं तर मी सोता पुण्याला सोडायला येतो. न्हाय आलं तर मात्र खेळ बंद. दहावी झाली की आयसंगं डाळिंबाच्या पॅकिंगला जायचं. मग पुन्यांदा त्यो इषय न्हाय."

"बरं," मोना म्हणाली. एवढीच बोलणी झाली. त्या वर्षी ती जे खेळली ते त्या एका 'बरं'साठी खेळली.

तालुक्याला इंदापुरात आम्हांला समोर टीमच धड नव्हती. जिल्ह्याला मात्र घाम निघाला. विभागाचा अंतिम सामना बारामतीला होता, तिथल्याच एका निवासी इंग्रजी शाळेशी. त्यांच्याकडं हिरवंगार गवत, दोन-दोन कोच, मुलींच्या पायात रंगीत बूट. आमचे मोजे बघून त्या एकमेकींना कोपरं मारत होत्या. आमच्या राजलक्ष्मीच्या एका पायात निळा मोजा होता आणि दुसऱ्यात काळा, त्याला मी काय करणार? सकाळी घाईत सापडले तेवढे घातले तिनं.

पहिला अर्धा वेळ त्यांनी आम्हांला नाचवलं. मी किती वेळा मातीत, म्हणजे गवतात, लोळले ते सांगता येत नाही. गवतात पडायला किती सोपं असतं हे मला त्या दिवशी कळलं. दुसऱ्या अर्ध्यात मोनाला आमच्याच बाजूला चेंडू मिळाला. दोघी तिच्या अंगावर धावून आल्या. तिनं मान वर केली. पार त्या टोकाला डावीकडं राजलक्ष्मी एकटी उभी होती, तिच्याकडं कुणाचंच लक्ष नव्हतं, आमचंसुद्धा. मोनानं चेंडू पायानं उचलून थेट तिच्या पुढ्यात टाकला आणि स्वतः मधून सुटली. राजलक्ष्मीनं तो परत आत घातला आणि मोनानं धावत्या पायानं आत ढकलला. बस. तेवढाच गोल झाला. शेवटी शेवटी त्यांच्या एका उंच मुलीनं कोपऱ्यात मारलेला चेंडू मी आडवी उडी मारून बोटांनी बाहेर काढला, तेव्हा सर मैदानाबाहेर चक्क दोन्ही हातांनी डोकं धरून बसले होते.

आम्ही विभागात पहिल्या आलो. शिट्टी झाल्यावर आम्ही रडलो, ओरडलो, सरांना पाणी ओतून भिजवलं. इथंच सगळं थांबलं असतं, आम्ही गुपचूप घरी येऊन दुसऱ्या दिवशी सरावाला लागलो असतो, तर किती बरं झालं असतं. राज्य स्पर्धेला अजून सव्वा महिना होता.

पण गावाला कळलं होतं.

फाट्यावरच ताशा उभा होता. आमच्या डोक्यांना फेटे बांधले, ते घट्ट इतके की कपाळावर वळ उठले. गावात फ्लेक्स लागला होता. त्यात सगळ्यात मोठा फोटो आबाजीरावांचा होता. आबाजीराव म्हणजे आमच्या भागाचे पुढारी, सगळे त्यांना आबा म्हणतात. त्यांच्या खाली त्यांच्या पुतण्याचा, रविराजचा, जो कंत्राटं घेतो. आणि तळाला बोटाच्या पेराएवढ्या आम्ही अकराजणी. माझा चेहरा एका खिळ्याखाली गेला होता.

सत्कार आमच्याच मैदानावर होता. आबा येणार होते दहाला, आले दुपारी जेवणवेळ टळल्यावर. तोवर आम्ही फेट्यांसकट उन्हात बसलो होतो. मग भाषणं झाली. प्रत्येकानं सांगितलं की या मुलींच्या यशात आपला वाटा कसा आहे. ज्यांनी वर्षभर मैदानाच्या कडेनं जाताना "कुणाच्या घरच्या हायत गं ह्या" असं विचारलं होतं, त्यांचाही वाटा निघाला. सरांना बोलायला दोन मिनिटं दिली. त्यांनी आमची नावं घेतली, एकेक करून, आणि खाली बसले.

शेवटी आबा उठले. त्यांनी मोनाला कॅप्टन म्हणून पुढं बोलावलं, तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि माईक तिच्या तोंडापुढं धरला. "सांग पोरी, काय पायजे तुला? आज सगळ्या गावासमोर बोलतो, आबाजी न्हाय म्हणणार न्हाय."

मोना गोंधळली. तिनं सरांकडं बघितलं. मग हळू आवाजात म्हणाली, "आबा, मैदानावर एकदा रोलर फिरवून द्या. लई खड्डं हायत. आन् कापडं बदलायला एक आडोसा."

आबा मोठ्यांदा हसले. त्यांच्यामागं स्टेज हसलं, स्टेजमागं मांडव हसला. "रोलर? अगं, मागून मागून रोलर मागितलास व्हय?" त्यांनी माईक स्वतःकडं घेतला. "आपल्या लेकीनं रोलर मागितला, पण ह्यो आबाजी रोलर देणारा माणूस न्हाय! मी आज हितं जाहीर करतो, ह्याच जागेवर दोन कोटींचं क्रीडा संकुल हुभं राहील!"

टाळ्या थांबेनात. फटाक्यांची माळ लागली. बायकांनी मोनाला ओवाळलं, तिच्या आईचं, बनाबाईचं, हसू तर ओठांत मावत नव्हतं. आणि खोटं कशाला सांगू, आम्हीही टाळ्या वाजवल्या. मोना माझ्या कानात म्हणाली, "सुके, पायऱ्या असत्याल ना गं बसायला?" ती इतकी खुशीत होती.

रोलर का दिला नाही याचा मी नंतर पुष्कळ विचार केला. रोलर काय, रविराजचाच दारात उभा होता. सकाळी फिरवला असता तर दुपारपर्यंत काम झालं असतं. पण रोलर फिरवल्याची कोनशिला बसवता येत नाही. सपाट जमिनीचा फोटो काढून छापला तर कोण बघेल? आमच्याकडं लहान गोष्ट मागणाऱ्याला मूर्ख समजतात आणि मोठी गोष्ट कबूल करणाऱ्याला दिलदार. द्यायची वेळ कुणावरच येत नाही.

टाळ्या न वाजवलेला माणूस एकच होता, इंद्रजित सर. दुसऱ्या दिवशी ते मोनाला आणि मला घेऊन आबांच्या घरी गेले. आबा ओसरीवर खुर्चीत बसले होते, एका कानाला फोन. आम्हांला चहा आला, बिस्किटं आली. आबा वाईट माणूस नाहीत, हे मला सांगायला आवडत नाही, पण खरं आहे. आल्या-गेल्याला चहा पाजल्याशिवाय सोडत नाहीत.

सर म्हणाले, "आबा, संकुलाबद्दल उपकार मानतो. फक्त एक विनंती आहे. राज्याची स्पर्धा होईपर्यंत मैदानाला हात लावू नका. सव्वा महिना थांबा. पोरींना सरावाला दुसरी जागा नाही."

"सर, तुमी कोल्हापूरचं. तुमाला हितलं गणित कळायचं न्हाय," आबा समजुतीनं म्हणाले. "आचारसंहिता कवाबी लागंल. एकदा लागली की नवं काम धरता येत न्हाय. काम आधीच चालू असलं तरच टिकतं. म्हणून परवा भूमिपूजन, आन् त्याच दिवशी जेसीबी. खड्डा पडला पायजे, फोटू निघाला पायजे."

"मग एखाद्या कोपऱ्यात खड्डा पाडा की आबा. मधी नको."

"कोपऱ्यात?" आबांनी फोन खाली ठेवला. त्यांना खरोखरच सरांची कीव आली असावी. "कोपऱ्यातल्या खड्ड्याचं फोटूत काय दिसणार हो?"

मोना म्हणाली, "आबा, मला नगं ते संकुल. नुसता रोलर—"

"येडी हायस," आबा हसत म्हणाले, आणि तिच्या हातात आणखी एक बिस्किट दिलं. "पोरी, तुझ्यामुळं दोन कोटी गावात आलं. तुझं नाव निघंल पिढ्यान्‌पिढ्या."

बाहेर आल्यावर सर फाटकाशी उभे राहिले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं की राग, मला तेव्हा कळलं नाही. "संस्थेत सांगून बघतो," ते म्हणाले. त्यांनी सांगितलं. संस्थेतून त्यांना उत्तर आलं की शिक्षकांनी विकासकामात अडथळा आणू नये.

भूमिपूजनाला कुदळ मोनाच्या हातात दिली. तिच्या हातावर आबांचा हात, आबांच्या हातावर रविराजचा. मधल्या वर्तुळात, जिथं सामना सुरू करताना चेंडू ठेवतात, तिथं नारळ फुटला. तो फोटो पेपरात आला. भिमामामांनी तो फ्रेम करून आणला आणि देव्हाऱ्याशेजारी लावला. कधी जास्त न बोलणारा माणूस, पण त्या आठवड्यात कारखान्याच्या रांगेत ट्रॅक्टर उभा करून ज्याला त्याला सांगत होता, "माझ्या पोरीनं मागितलं आन् दोन कोटी आलं."

दुपारी जेसीबी आला. आम्ही वर्गाच्या खिडकीतून बघत होतो. त्यानं आधी गोलपोस्ट उपटले आणि बाभळीत टाकून दिले. मग मधोमध दात घातले. आम्ही एकेक खडा वेचून काढलेली माती वर येत होती आणि दोन्ही बाजूंना तिचे ढीग लागत होते. राजलक्ष्मी रडायला लागली. मोना रडली नाही. ती म्हणाली, "परत बुजवता येतंय की. माती कुठं जात न्हाय." संध्याकाळपर्यंत माणूस बुडेल एवढा चर या टोकापासून त्या टोकापर्यंत पडला होता. तीन दिवस मशीन चालली. मग आचारसंहिता लागली. मग बिल अडकलं म्हणून रविराजनं जेसीबी उसाच्या रस्त्याच्या कामाला नेला. आजतागायत तो परत आलेला नाही.

आता सराव कुठं करायचा? सणसरकडं एक मैदान होतं, पण एवढ्या लांब, अंधार पडेपर्यंत, कुणाच्या घरून सोडणार? ऊस तुटून गेलेल्या रानात खेळू म्हटलं तर मालक म्हणाला, खोडव्याला फुटलेले नवे कोंब तुडवाल. बरोबरच होतं त्याचं. शेवटी राहिला शाळेकडून वस्तीकडं जाणारा काँक्रीटचा रस्ता. बैलगाडीच्या रुंदीचा. दोन्ही बाजूंना तारेची कुंपणं. तिथं आम्ही सरावाला लागलो. एकीनं दुसरीकडं चेंडू द्यायचा तो सरळ द्यायचा, बाजूला जागाच नाही. जरा जोरात मारला की तारेत जायचा आणि फुटायचा. ऊस भरलेले ट्रॅक्टर आले की आम्ही सगळ्याजणी कुंपणाला चिकटून उभ्या राहायचो. गाडीवरून जाणारी पोरं मुद्दाम वेग कमी करायची. टपरीवरचे लोक खुर्च्या फिरवून बसायचे. आठवड्यात चौघींच्या आया येऊन त्यांना हाताला धरून घेऊन गेल्या. "मैदान असतं तर गोष्ट येगळी," त्या सरांना म्हणाल्या. मग सरांनी नववीतल्या मुली घेऊन कशाबशा अकराजणी भरल्या.

आणि मी. मी गोलकीपर. काँक्रीटवर उडी मारणारी गोलकीपर कुणी बघितलीय? पहिल्या दिवशी मारली, तर कोपरापासून मनगटापर्यंत सालटं गेलं. दुसऱ्या दिवशी सरांनीच सांगितलं, "उभ्यानं अडव, सुकन्या. पडू नको." मी नाही पडले. सव्वा महिना नाही पडले.

मोना मात्र आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त राबली. पहाटे आईला धुण्याभांड्याला मदत करून यायची आणि शाळा भरायच्या आत एकटी त्या रस्त्यावर चेंडू घेऊन पळायची. तारेत जाऊ नये म्हणून चेंडू अगदी पायाशी धरून. नजर खाली. संध्याकाळी परत तेच. टपरीवर कुणी ना कुणी तिला टोकायचंच, "काय गं, मैदान सोडून रस्त्यावर? तूच मागितलंस की संकुल!" एकदा मी तिथं जाऊन त्या माणसाच्या चहाच्या ग्लासात माती टाकली. मला घरी मार बसला. त्याचं मला काही वाटलं नाही. वाईट वाटलं ते मोनाचं. ती म्हणाली, "जाऊ दे गं सुके. त्यांचं खरंच हाय. मीच तर मागितलं." तिला तसं वाटायला लावलं याबद्दल मी या गावाला कधी माफ करणार नाही.

राज्याची स्पर्धा कोल्हापुरात होती. सरांच्या गावात. सरांचे जुने दोस्त बघायला आले होते, "इंद्याची टीम आलीय" म्हणत. मैदान एवढं मोठं की पलीकडच्या गोलमधली मुलगी बाहुलीएवढी दिसत होती. नववीतली एक मुलगी आत पाय टाकता टाकता म्हणाली, "अगं बाई, हे सगळं पळायचं?"

सामना नागपूरकडच्या शाळेशी होता. पहिल्या काही मिनिटांतच मला कळून चुकलं. माझ्या उजव्या बाजूला चेंडू आला, फार जोरातही नाही, बारामतीला मी असले डोळे झाकून काढले असते. मी हात लांब केला. अंग मात्र उभंच राहिलं. मनात म्हणत होते, पड, सुकन्या, गवत आहे, पड. गुडघे वाकेनात. चेंडू माझ्या बोटांच्या पुढून आत गेला. त्यानंतरचेही तसेच गेले.

आणि मोना. तिनं त्या दिवशी चेंडूचं जे केलं ते बघून बाहेर बसलेले कोल्हापूरकर शिट्ट्या मारत होते. एका घोंगडीएवढ्या जागेत तिनं तिघींना चकवलं. पण चकवून ती परत तिथंच यायची. दोन्ही अंगांना रान मोकळं पडलेलं, राजलक्ष्मी डावीकडं हात वर करून किंचाळतेय, आणि मोना मान खाली घालून सरळ पुढं, सरळ पुढं, जसं काही कडेला तार आहे. चौथी मुलगी येऊन चेंडू काढून घ्यायची. "वर बघ मोना!" सरांचा घसा बसला. "अगं पोरी, वर बघ! मैदान बघ!" ती ऐकत होती. एकदा तिनं मान वर केली, आणि तेवढ्यात चेंडू पायातून निघून गेला. त्यानंतर तिनं ती परत वर केली नाही.

आम्ही हरलो. हरण्याचं एवढं काही नव्हतं. निवड हरलेल्या टीममधूनही होते, हे आम्हांला माहीत होतं. म्हणून सगळे सामने संपेपर्यंत आम्ही थांबलो. दुसऱ्या दिवशी मंडपात नावं वाचली. प्रत्येक नावाला मोना श्वास धरायची आणि सोडायची. नावं संपली. वाचणाऱ्यानं माईक बंद केला, आणि तरी ती तिथंच उभी होती, जसं काही अजून एक नाव राहिलंय.

सर सरळ निवड समितीच्या टेबलापाशी गेले. आम्ही दोघी त्यांच्यामागं. तिथं एक बाई होत्या, स्वतः देशाकडून खेळलेल्या, पांढरी टोपी घातलेल्या. त्यांनी मोनाला लगेच ओळखलं. "हीच ना दहा नंबर? पायात जादू आहे हो मुलीच्या. मी हिच्यासाठी बराच वेळ भांडले." त्या खरंच हळहळत होत्या. "पण हिला मैदान दिसत नाही. पायाखालचंच बघते. या वयात ती सवय मोडणं अवघड असतं. अरुंद जागेत खेळत आलीय का? तुमच्या गावात मैदान नाही?"

सरांनी तोंड उघडलं. त्यांना काय काय सांगायचं होतं ते सगळं त्यांच्या चेहऱ्यावर एकदम आलं, आणि त्या गर्दीत एकही शब्द बाहेर पडेना.

मोनाच बोलली. "हाय की. दोन कोटींचं हाय."

"अरे वा!" बाई कौतुकानं म्हणाल्या. मग त्यांच्या कपाळाला आठी पडली. त्यांनी आधी सरांकडं आणि मग मोनाकडं बघितलं, आणि समजावणीच्या सुरात म्हणाल्या, "एवढं सगळं तुम्हांला मिळालंय म्हटल्यावर मग बाळ, दुसरं काय म्हणणार? मेहनत कमी पडली."

मी पुढं झाले. मला ओरडायचं होतं. मोनानं माझं मनगट धरलं, इतकं घट्ट की माझ्या बोटांना मुंग्या आल्या.

"व्हय मॅडम," ती म्हणाली, आणि बुटांच्या नाड्या सोडायला खाली बसली.